टॉवेलचा भाव आणि विडीची मजुरी: ठरवतं कोण?

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारने २९ जुने कामगार कायदे बाजूला ठेवून चार संहिता लागू केल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता. तेव्हापासून दोन घोषणा आलटूनपालटून ऐकू येतात. संघटना म्हणतात, कामगाराचे हात बांधले. उद्योजक म्हणतात, कागदांचा जाच एकदाचा कमी झाला. दोघांच्याही डोळ्यांपुढे मोठा कारखाना असतो: आत बलाढ्य कंपनी, गेटवर झेंडा घेतलेले कामगार.

सोलापुरात असं गेट शोधायचं तर पायपीट होईल. इथला यंत्रमाग कारखानदार सूत उधारीवर उचलतो, टॉवेल उधारीवर देतो आणि मजुरी वाटायच्या दिवशी बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी उचल घ्यायच्या) खात्यात किती उरलंय ते पाहतो. विडी वळणाऱ्या बाईचा कारखाना म्हणजे तिच्याच घराचा उंबरा. मालक विरुद्ध मजूर एवढ्यावर हे चित्र संपत नाही, कारण मालकाच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं आहे. मजुरी कुठे अडते हे कळायला ती वरची पायरीही बघावी लागते.

## घेणारा एकच असला की काय होतं

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. लिलावाला दहा व्यापारी उभे असले की बोली चढते. समजा एके दिवशी एकच व्यापारी आला. कांदा तोच, प्रत तीच, शेतकऱ्याचा खर्चही तोच. पण माल परत न्यायचं भाडं अंगावर येणार, हे त्या व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तो जो भाव सांगेल तो भाव.

विकणारा एकच असला की त्याला आपण मक्तेदार म्हणतो. घेणारा एकच, किंवा इन मिन दोन-तीन असले, तर ती झाली खरेदीदाराची मक्तेदारी. इथे चढा भाव लावून गिऱ्हाईक लुटलं जात नाही, पडत्या भावात विकणारा लुटला जातो. विकली जाणारी गोष्ट कांदा असेल, टॉवेल असेल किंवा माणसाचे आठ तासांचे श्रम असतील. त्यासाठी गावात खरोखर एकच कंपनी असावी लागत नाही. दुसऱ्याकडे जाणं अवघड असलं, एवढं पुरतं.

## विडीच्या हिशेबात हे दिसतं कसं

सोलापुरात विडीचे कारखाने एकापेक्षा जास्त आहेत, मग बाईने दुसरीकडे का जाऊ नये? चालत जाता येईल अशी शाखा एखादीच असते. भविष्य निर्वाह निधीचं खातं आणि कामगार म्हणून असलेली नोंद एका कारखान्याशी जोडलेली असते. पान आणि तंबाखू देणारा तोच, माल घेणारा तोच, आणि आठवड्यात किती दिवस पान मिळणार हे ठरवणाराही तोच. घर, मुलं, सासू-सासरे सोडून दिवसभर बाहेर जाणं जिला जमत नाही, तिच्यासाठी बाजारात घेणारा एकच उरतो.

विडीची मजुरी हजारी ठरते, म्हणजे हजार विड्यांमागे. ती कागदावर असते. हातात येताना तिला दोन जागी कात्री लागते. पहिली छाट: तपासताना ‘खराब’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, ज्यांचे पैसे मिळत नाहीत. दुसरी पानाची तूट: पान वजनावर मिळतं, ते फाटकं किंवा वाळकं निघालं की हजार भरत नाहीत आणि कमी पडलेलं पान बाई पदरच्या पैशाने आणते.

हिशेब करून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी. हजारी २०० रुपये धरा. पन्नास विड्या छाटीत गेल्या, १९० उरले. वीस रुपयांचं पान विकत आणलं, १७० उरले. कागदावरच्या दराला कुणी हात लावला नाही, तरी मजुरी १५ टक्के घटली. म्हणून विडी कामगारांच्या संघटना दराइतक्याच छाटीवर आणि पानाच्या प्रतीवर भांडतात. बाहेरच्याला ते किरकोळ वाटतं. खरा पैसा तिथेच असतो.

याच धंद्यात आणखी एक जुनी युक्ती आहे. कारखाना कागदोपत्री ठेकेदाराला पान-तंबाखू ‘विकतो’ आणि तयार विड्या ‘विकत घेतो’. मग कारखानदार म्हणतो, मी मालकच नाही, मी गिऱ्हाईक. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं आणि ठेकेदारामागच्या मूळ मालकाला जबाबदार धरलं. कारखानदारांनी याला आव्हान दिलं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कायदा उचलून धरला. ही युक्ती आजही भेटते. फरक इतकाच, की कामगाराकडे नोंदपुस्तक असेल तर ती टिकत नाही.

## मग संघटना नेमकं करते काय

एकटी बाई छाटीवर हरकत घेते तेव्हा दुसऱ्या दिवशी तिलाच पान कमी मिळण्याची भीती असते. एका शाखेच्या सगळ्या बायकांनी हरकत घेतली तर सगळ्यांचं पान बंद करणं कारखान्याला परवडत नाही. सामूहिक वाटाघाटी म्हणतात ती हीच गोष्ट. समोर घेणारा एक आहे ना, मग इकडूनही देणारा एक होतो.

सोलापुरात संघटनेने मजुरीपलीकडेही काम केलेलं दिसतं. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून कुंभारीजवळ विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं. त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. घर स्वतःच्या नावावर झालं की भाड्याची धास्ती जाते आणि ‘नाही’ म्हणायची ताकद थोडी वाढते. वाटाघाटीत ही ताकद मोजली जाते, मग तुम्हाला त्या संघटनेचा झेंडा आवडो न आवडो.

## नव्या संहितांनी सोलापुरात काय बदलतं

सगळ्यात जास्त गाजलेला मुद्दा ३०० चा आहे. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासारख्या मोठ्या निर्णयासाठी सरकारची परवानगी लागे. आता ती मर्यादा ३०० झाली आहे. मोठ्या कारखान्यांच्या शहरांत हा बदल जबर आहे. सोलापूरच्या बहुतेक मागांच्या शेडना तो लागूच होत नाही, कारण तिथे शंभरही माणसं नसतात. तसंच कारखाना म्हणून गणलं जाण्यासाठी वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० कामगारांची अट आली म्हणून ओरड झाली, पण महाराष्ट्राने हा बदल २०१५ मध्येच केला होता.

इथे जास्त उपयोगी पडणाऱ्या तरतुदी वेगळ्याच आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्मे तरी असले पाहिजेत, म्हणजे भत्त्यांत रक्कम लपवून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी घटवता येत नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीतल्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. आणि केंद्र ठरवेल त्या किमान मजुरीच्या पायाखाली कोणतंही राज्य जाऊ शकणार नाही.

संघटनांना खरा फटका दोन ठिकाणी आहे. संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांत लागते आणि तडजोडीची बोलणी चालू असताना संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. दुसरी गोष्ट, एकापेक्षा जास्त संघटना असतील तर हजेरीपत्रकावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच मालकाशी एकटी बोलू शकते. तेवढा पाठिंबा कुणाचाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद होते. यातला ‘हजेरीपत्रकावरच्या’ हा शब्द अधोरेखित करा. ज्याचं नाव पत्रकावर नाही, तो या मोजणीत माणूसच धरला जात नाही. म्हणून मागावर काम करणाऱ्याने आधी नेमणूकपत्र मागावं, संघटनेची पावती नंतर फाडली तरी चालेल.

एकाच छताखालचे माग बायको, भाऊ, मुलगा यांच्या नावांवर वाटून चार युनिटं दाखवायची सवय यंत्रमाग धंद्यात जुनी आहे. त्यामागे भविष्य निर्वाह निधीची २० कामगारांची आणि कर्मचारी राज्य विमा योजनेची १० कामगारांची मर्यादा असते. पण वीजजोडणी, पैसा, देखरेख आणि कामगार एकच असतील तर तपासणीत चारही युनिटं एकत्र धरली जाऊ शकतात. तेव्हा मागच्या वर्षांची वर्गणी, व्याज आणि दंड एकदम बसतो. छोटा कारखानदार बुडतो तो बहुतेक वेळा या धक्क्याने. नियमित वर्गणीने बुडालेला क्वचितच सापडेल.

## कारखानदाराची मान कुणाच्या हातात

आता वरच्या पायरीकडे. सोलापूरचा टॉवेल हॉटेलांच्या साखळ्यांना, मोठ्या दुकानांना, ऑनलाइन कंपन्यांना आणि निर्यातदारांना जातो. बनवणारे शेकडो, घेणारे मोजके. बऱ्याचदा माल खरेदीदाराच्या लेबलखाली विकला जातो, म्हणजे गिऱ्हाईक बनवणाऱ्याचं नावही ओळखत नाही. (सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्याचा उपयोग अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलेल्यालाच होतो, आणि ती नोंद करायचा कंटाळा हा आपला स्थानिक आजार आहे.)

पुन्हा समजण्यापुरता हिशेब. १०० रुपयांच्या मालात सूत, रंग, वीज आणि वाहतूक ८० रुपये, मजुरी १२, कारखानदाराला ८. खरेदीदार म्हणाला, या वेळी पाच टक्के कमी करा. सूतगिरणी भाव कमी करत नाही, महावितरण तर नाहीच. ते पाच रुपये उरलेल्या वीसमधून जातात, म्हणजे मजुरी आणि नफा मिळून जे होतं त्याचा चौथा भाग गेला. शिवाय पैसे १२० दिवसांनी आले आणि सीसीचं व्याज १२ टक्के असलं, तर शंभरामागे आणखी चार रुपये व्याजात जातात. आता आठच्या नफ्यातून पाच आणि चार वजा करून बघा. अशा कारखानदारासमोर मजुरी वाढवा म्हणून बसणारी संघटना आणि तो कारखानदार, दोघंही रिकाम्या गल्ल्यावर भांडत असतात.

म्हणूनच किमान मजुरीचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. मजुरी दाबून ठेवणारा मालक स्वतः भरपूर कमावत असेल तर दर वाढल्याने काम कमी होत नाही, त्याचा वाटा तेवढा घटतो. वरच्या खरेदीदाराने आधीच सगळं पिळून घेतलेलं असेल तर छोटा मालक हजेरीपत्रकावरची नावं कमी करतो.

## ४५ दिवसांचा कायदा, आणि तो फसतो कुठे

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे वेळेत मिळावेत म्हणून २००६ पासून कायदा आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करारात ९० दिवस लिहिले तरी ते चालत नाहीत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. बँक रेट ५.५ टक्के धरला तर दर १६.५ टक्के होतो. दहा लाखांच्या बिलावर पहिल्याच महिन्याचे १३,७५० रुपये आणि तीन महिन्यांचे ४१,८०० च्या घरात. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही.

१ एप्रिल २०२४ पासून आयकराची आणखी एक अट आली. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ते आर्थिक वर्षाअखेर थकलेलेच राहिले, तर खरेदीदाराला त्या खरेदीचा खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मजुरीवर विणून देणारा याच्या संरक्षणात येतो. नुसता व्यापार करणारा मात्र येत नाही, आणि मध्यम उद्योगही नाही.

मग पैसे का अडकतात? पहिलं कारण उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे करायच्या नोंदीचा उशीर. माल आधी गेला आणि नोंदणी नंतर केली तर त्या मालासाठी हे संरक्षण मागताना अडचण येते. न्यायालयांनी मागील तारखेचा फायदा नाकारलेला आहे. दुसरं, ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का नाही, त्यामुळे दिवस कधीपासून मोजायचे हाच वाद. तिसरं, चार महिन्यांनी येणारी डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी: रंग फिका, जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन) कमी, हेमिंग (कडेची शिलाई) वाकडं. कायद्यानुसार हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी यावी लागते, नाहीतर माल स्वीकारलेला धरला जातो. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘सूक्ष्म’ किंवा ‘लघु’ हा शब्द छापलेला हवा, म्हणजे खरेदीदाराच्या हिशेबनिसाला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

एवढं करूनही थकलं तर अर्ज सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करता येतो. मदतीला जिल्हा उद्योग केंद्र आहे. आधी समेट, तो फसला तर लवाद. निकालाला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला निकालातल्या रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. ही अट फार मोलाची आहे, कारण नुसती वेळ काढण्याचा डाव तिथे महाग पडतो. कायद्यात निकालासाठी ९० दिवस आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे धरूनच चालावं.

## ‘पण युनियनमुळेच गिरण्या बुडाल्या ना?’

हा प्रश्न सोलापुरात हमखास येतो. जुनी मिल, म्हणजे १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली तेव्हा सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला. त्या वटहुकमात कारण लिहिलेलं आहे: गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्ष, त्यातून उत्पादनावर झालेला परिणाम आणि बेकारी. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिला दावा फेटाळला गेला, पण १९५३ मध्ये दुसऱ्यात न्यायालयाने तो ताबा घटनेत न बसणारा ठरवला. भारतीय घटनेच्या सुरुवातीच्या मोठ्या खटल्यांत आपल्या मिलचं नाव आहे ते असं.

संघटनांचे दोष नाहीत असं मात्र नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला दिला. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तरी मालक दुसऱ्याशी बोलायला बांधील नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप चिघळण्याचं हे एक मोठं कारण. नव्या संहितेतल्या ५१ टक्क्यांच्या नियमाकडे जुने कार्यकर्ते संशयाने बघतात ते याच अनुभवामुळे.

## ‘मजुरी वाढली की धंदा परराज्यात जाईल’

विडीच्या बाबतीत ही भीती खोटी नाही. पान बाहेरूनच येतं, यंत्र लागत नाही, त्यामुळे काम कुठेही नेता येतं. म्हणूनच एका कारखान्यात भांडून मिळवलेली वाढ टिकत नाही. सगळ्या धंद्याला, आणि जमेल तिथे सगळ्या राज्यांना, एकच पाया हवा. मागाच्या बाबतीत मजुरीपेक्षा यंत्र जास्त बोलतं. जुन्या मागावर एक माणूस जेवढा माल काढतो त्याच्या कितीतरी पट धोटा (शटल) नसलेल्या आधुनिक मागावर निघतो. तिथल्या कामगाराला जास्त पगार देऊनही किलोमागे मजुरी कमीच पडते.

## ‘मग कारखानदारांनीच युनियन का करू नये?’

कारण कायदा दोघांना सारखा नाही. कामगारांनी एकत्र येऊन ‘याखाली काम करणार नाही’ म्हटलं तर ते कायदेशीर. १९२६ पासून त्याला संरक्षण आहे. कारखानदारांनी एकत्र बसून ‘टॉवेल या भावाखाली विकायचा नाही’ असा ठराव केला, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली ती संगनमताने केलेली भाववाढ ठरू शकते आणि संघावर दंड बसू शकतो. उलट बाजूने, बाजारावर पकड असलेल्या खरेदीदाराने अन्यायकारक अटी लादल्या तर तोही याच कायद्यात अडकतो. पण आधी त्याची पकड सिद्ध करावी लागते, आणि तो खटला दिल्लीतल्या आयोगापुढे छोट्या माणसाला पेलत नाही.

भाव सोडून बाकी बरंच एकत्र करता येतं. सूत एकत्र खरेदी करता येतं. सगळ्या सभासदांसाठी ऑर्डरचा एकच नमुना करता येतो, ज्यात जीएसएम, रंगातला चालेल एवढा फरक, हरकतीची १५ दिवसांची मुदत आणि ४५ दिवसांची अट छापलेली असेल. ४५ दिवस मागितले की खरेदीदार नोंदणी नसलेल्याकडे जातो, ही तक्रार खरी आहे. पण सगळ्यांच्याच ऑर्डरवर तीच अट असली तर जायला जागा कमी उरते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिलं वटवणाऱ्या ट्रेड्स या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. तिथे बिल मान्य झालं की बँक पैसे आधी देते, आणि कंपनीने पुढे बुडवलं तर वसुली कारखानदाराकडून होत नाही.

थकलेल्या बिलासाठी सुलभीकरण परिषदेकडचा अर्ज मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो. तीन वर्षांहून जुनी बिलं समेटासाठी नेता येतात, लवादात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा फाइल उघडली की सगळ्यात जुनं बिल आधी बाहेर काढा.